कयाक उलटली तर: खवळलेल्या पाण्यात काय करायचं आणि अंगावर काय हवं

तारकर्ली, देवबाग, गोव्यातली साळ नदी, पवना, मुळशी अशा बऱ्याच ठिकाणी आता कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी निमुळती होडी, भाड्याने मिळते. वल्हं कसं धरायचं, उजवीकडे वळायला कुठल्या बाजूने मारायचं हे दहा मिनिटांत सांगतात आणि माणूस पाण्यात उतरतो. उलटल्यावर काय करायचं, हे त्या दहा मिनिटांत बहुधा येत नाही. शांत खाडीत ते निभावून जातं. वारा उठला आणि लाटा आडव्या यायला लागल्या की तेवढ्याच गोष्टीवर सगळं अवलंबून असतं.

हा लेख नवख्यांसाठी आहे. सगळा लेख एका मुद्द्याभोवती फिरतो: उलटल्यानंतर उपयोगी पडतं ते फक्त अंगाला बांधलेलं सामान आणि आधी करून पाहिलेली हालचाल. बोटीच्या कप्प्यात ठेवलेला फोन, सीटमागे अडकवलेलं जॅकेट आणि व्हिडिओत पाहिलेली युक्ती या तिन्ही गोष्टी त्या क्षणी जवळ नसल्यासारख्याच असतात.

निघण्याआधी वारा बघा

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते कयाकवाल्याच्या रोजच्या कामाचे आहेत. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. दिवस चढला, जमीन तापली की तो फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. कोकणात सुगीच्या दिवसांत साधारण अकरा-बाराच्या पुढे त्याला जोर चढतो आणि दुपारी पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागतात.

नवख्याला खारा वारा भीतिदायक वाटतो, कारण लाटा दिसतात. माझ्या मते जास्त धोका मतलईचा आहे. तो जमिनीवरून येतो, त्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी काचेसारखं दिसतं. कयाक आपोआप पुढे सरकते आणि आपल्याला चांगलं जमतंय असं वाटतं. खरं तर आपल्याला वारा ढकलत असतो. मागे फिरल्यावर तोच वारा तोंडावर येतो, आणि जसजसं आत जावं तसतसा किनाऱ्याचा आडोसा संपून लाटा वाढतात. नवखा माणूस शांत पाण्यात तासाला चार-पाच किलोमीटर जातो. समोरून जोराचा वारा असेल तर त्याचा वेग निम्म्यावर येतो, आणि दमला की तो मागेच जायला लागतो. उलटला तर खारा वारा त्याला निदान किनाऱ्याकडे आणेल. मतलई त्याला अरबी समुद्रात नेईल.

म्हणून पहिला नियम: जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर असेल असाच मार्ग निवडा. वाऱ्याचा वेग दहा नॉटच्या, म्हणजे तासाला साधारण साडेअठरा किलोमीटरच्या वर सांगितला असेल तर नवख्याने उघड्या समुद्रात जाऊ नये. मोजायचं साधन नसेल तर पाण्याकडे बघा. एखाददुसरा पांढरा तुरा दिसला तर तुमची मर्यादा आली. सगळीकडे तुरे दिसत असतील तर आजचा दिवस खाडीचा.

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज दोन्ही मोफत मिळतात. ते बघितल्याशिवाय निघू नका, कारण दूर दक्षिणेकडच्या वादळातून निघालेल्या लांब लाटा आपल्याकडे वारा पडलेला असतानाही येतात. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा भरवसा नाही. पूर्वेला काळे ढग उभे राहिले किंवा गडगडाट ऐकू आला की लगेच किनारा गाठायचा. धरणातही हेच. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ती माशांच्या विणीसाठी असली तरी कयाकवाल्यानेही ती आपल्यासाठीच आहे असं समजावं, आणि नारळी पौर्णिमा होऊन गावातल्या होड्या नीट सुरू झाल्याशिवाय समुद्राचं नाव काढू नये.

आणि भरती-ओहोटी. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. नेमक्या वेळेसाठी भरतीचा तक्ता पाहावाच, पण या हिशोबाने अंदाज येतो. खाडीच्या मुखाशी, जसं देवबागच्या संगमावर, सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी जोरात बाहेर पडत असतं आणि समोरून समुद्राची लाट येत असते. दोन्ही भिडतात तिथे लाट आखूड, उंच आणि फुटणारी होते. उधाणाच्या दिवसांत ती आणखी चढते. नवख्याने सुकतीला खाडीच्या तोंडाशी जाऊच नये, कारण तिथे उलटलेला माणूस आणि बोट दोन्ही पाण्याबरोबर बाहेर जातात.

शेवटी, किनाऱ्यावर एक माणूस असा ठेवा ज्याला तुमचा मार्ग, बोटींचा रंग, किती जण आणि परत यायची वेळ माहीत आहे. त्या वेळेपेक्षा अर्धा तास जास्त झाला तर कुणाला फोन करायचा, हेही त्याला लिहून द्या.

लाइम बे, १९९३

ही शेवटची सूचना किती महत्त्वाची आहे ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका दुर्घटनेवरून कळतं. २२ मार्च १९९३ रोजी लाइम रेजिसहून आठ शाळकरी मुलं, त्यांचे शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाकने निघाले. चारमथपर्यंत जायचं होतं, म्हणजे जेमतेम तीन किलोमीटर. वारा जमिनीकडून समुद्राकडे होता. निघाल्यावर थोड्याच वेळात शिक्षक पुन्हा पुन्हा उलटू लागले. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला आणि दुसऱ्याने मुलांच्या बोटी एकमेकींना धरून ठेवल्या. दोन्ही गट एकमेकांपासून दूर गेले आणि मुलं वाऱ्याबरोबर आत आत वाहत गेली. लाटा वाढल्या, बोटींत पाणी भरलं आणि एकेक मूल पाण्यात पडलं. त्यांच्याकडे मदतीसाठी उडवायचे बाण नव्हते. जेवणाच्या वेळेला परत यायचा गट आला नाही, तरी तटरक्षकांना कळवायला काही तास लागले. चार मुलं गेली.

पुढे तो उपक्रम चालवणारी कंपनी आणि तिचा संचालक दोघेही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले, आणि १९९५ साली ब्रिटनमध्ये मुलांच्या साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या दिवशी वादळ नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. होता तो जमिनीकडून येणारा वारा, थंड पाणी, अपुरं सामान आणि उशिरा गेलेला निरोप. यांतल्या तीन गोष्टी आपल्याकडेही सहज जमतात. आपल्याकडे फक्त पाणी थंड नसतं, म्हणून वेळ थोडा जास्त मिळतो.

अंगावर काय हवं

सगळ्यात आधी जॅकेट, आणि तेही नीट बसणारं. कयाकसाठी फोमचं, हात मोकळे ठेवणारं जॅकेट लागतं. त्यावर ५० न्यूटन असं छापलेलं असतं. म्हणजे साधारण पाच किलो वजन पाणी उचलून धरेल इतका आधार. शुद्धीवर असलेल्या, थोडंफार पोहणाऱ्या माणसाला तो पुरतो. पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं, कॉलर असलेलं घ्या. ते वल्हवताना थोडं आडवं येतं, पण तोंड वर ठेवायला मदत करतं. दोरी ओढल्यावर फुगणारं जॅकेट नवख्याने घेऊ नये. ऐन वेळी दोरी ओढायचं सुचायला हवं, आणि पुन्हा बोटीवर चढताना ते छातीशी अडतं.

भाड्याचं जॅकेट घेताना हे करा. आधी सगळे पट्टे सैल करा, अंगात घाला, मग कमरेचा पट्टा घट्ट करा, त्यानंतर बाजूचे आणि शेवटी खांद्याचे. आता मित्राला सांगा, दोन्ही खांद्यांना धरून जोरात वर ओढ. जॅकेट हनुवटीच्या वर कानापर्यंत गेलं तर ते मापाचं नाही, दुसरं मागा. पाण्यात हेच होतं: माणूस खाली आणि जॅकेट वर. चिमटे तुटलेले असतील, फोम दाबल्यावर चुरा झाल्यासारखा लागत असेल, शिवण उसवली असेल तर बोट घेऊ नका. "साहेब, पाणी कंबरभरच आहे" असं कुणी म्हणेल. तरीही घेऊ नका.

जॅकेटच्या खांद्यालाच शिट्टी बांधा, प्लॅस्टिकची आणि आत मणी नसलेली, कारण मणी भिजून अडकतो. दोरी एवढीच लांब की शिट्टी तोंडाशी पोचेल पण कुठे गुंतणार नाही. वाऱ्यात माणसाची हाक पन्नास मीटरवरही विरते. शिट्टी त्याच्या कितीतरी पुढे जाते. तीन लांब शिट्ट्या, थांबा, पुन्हा तीन.

फोन पाणीबंद पाकिटात, आणि पाकीट जॅकेटच्या आतल्या बाजूला बांधलेलं हवं. घरी एकदा बादलीत हात बुडवून, पाकिटातल्या फोनवर ओल्या बोटांनी नंबर लावून बघा. बऱ्याचदा पडदा दाद देत नाही. तसं असेल तर बाजूच्या बटणांनी आपत्कालीन फोन लागेल अशी सोय आधीच सुरू करून ठेवा. तटरक्षक दलाचा समुद्रातल्या बचावकार्यासाठीचा क्रमांक १५५४ आहे, किनारी पोलिसांचा १०९३ आणि सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२. नियमित उघड्या समुद्रात जाणाऱ्यांनी परवाना काढून हातातला व्हीएचएफ, म्हणजे बोटींवरचा बिनतारी रेडिओ, घ्यावा. संकटाची हाक सोळा नंबरच्या चॅनेलवर द्यायची असते. परदेशात राहणाऱ्यांना एक सूचना: उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं भारतात परवानगीशिवाय आणू नका. ती बॅगेत सापडल्यामुळे गोव्याच्या विमानतळावर पर्यटकांवर कारवाई झालेली आहे.

कपडे उठून दिसणारे घाला. नारिंगी, पिवळा, भगवा. निळं-राखाडी नको. लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं आणि तेही मधूनमधून, त्यामुळे टोपीचा रंगसुद्धा कामाला येतो. जीन्स नको, पायांत घट्ट बसणारं काहीतरी हवं, कारण कोकणच्या खडकांवर कालवांच्या धारा असतात. खडकाळ किनारा किंवा फुटणाऱ्या लाटा असतील तर हेल्मेट.

वल्ह्याला दोरी बांधायची का, यावर अनुभवी लोकही वाद घालतात. माझं मत असं: मोकळ्या पाण्यात वारा असेल तर वल्हं बोटीला बांधा. फुटणाऱ्या लाटांत किंवा वाहत्या नदीत बांधू नका, तिथे दोरी हातापायात गुंतते. कुठलीही दोरी अंगावर असेल तर ती कापायला छोटी सुरी जॅकेटवरच हवी.

उलटल्यावरची पहिली मिनिटं

डोकं पाण्याबाहेर आलं की लगेच पोहायला सुरुवात करू नका. एक हात बोटीवर टाका आणि श्वास सावरा. सावकाश बाहेर सोडा, पुन्हा घ्या. धाप लागलेली असताना तोंडावर लाट आली तर पाणी छातीत जातं, म्हणून तोंड लाटेकडून वळवून घ्या.

बोट सोडू नका. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. रिकामी कयाक वाऱ्यावर तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने जाते. चार हात दूर गेली की ती गेलीच. वल्हं सुटलं असेल तर बोट धरूनच ते मिळतंय का बघा, बोट सोडून वल्ह्यामागे जाऊ नका. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघणं हाही मोठा धोका आहे. पाण्याच्या पातळीवरून अंतर फसवं दिसतं. शिवाय उलटी बोटसुद्धा तरंगते, तुमच्या डोक्यापेक्षा कितीतरी मोठी असते आणि लांबून दिसते.

आत बसायची कयाक असेल आणि कमरेभोवती पाणी अडवणारा स्प्रे स्कर्ट असेल, तर आधी बाहेर पडावं लागतं. डोकं खाली असताना मागे रेलू नका. छाती बोटीवर टेकवून पुढे वाका, दोन्ही हात कडेवरून पुढे नेत स्कर्टची पट्टी शोधा, ती पुढे आणि मग वर ओढा, गुडघे मोकळे करा आणि पँट उतरवल्यासारखं बोटीला ढकलत बाहेर या. ती पट्टी बाहेर राहिली आहे का, हे किनारा सोडण्याआधी दर वेळी हाताने चाचपायचं.

मग मोजणी. किती जण होते, किती दिसतायत, कुणाला लागलंय का. मोठ्याने नावं घ्या.

परत चढणं

वर बसायची कयाक, जी भाड्याने बहुतेक मिळते, तिच्यावर एकट्याला चढता येतं. बोट उलटी असेल तर मधोमध या. पलीकडची कड किंवा तळातली पाणी जायची भोकं हाताने पकडा, गुडघे जवळच्या कडेला टेकवा आणि अंगाचं वजन मागे टाका. ती तुमच्या बाजूला सुलटी होईल, चेहरा बाजूला ठेवा. आता सीटच्या बाजूला दोन्ही हात टेकवा, पण लगेच वर ओढू नका. आधी पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणा. पाय बोटीखाली लोंबकळत असतील तर कितीही जोर लावा, चढता येत नाही. पाय जोरात मारा, त्याच वेळी हातांनी बोट खाली दाबत स्वतःला आडवं पुढे सरकवा, बेंबी सीटवर येईपर्यंत. तिथे क्षणभर पडून राहा. मग अंग वळवून बूड सीटमध्ये, आणि सगळ्यात शेवटी पाय आत. पोट, बूड, पाय, हा क्रम. घाईने गुडघ्यावर उभं राहिलात की परत पाण्यात.

आत बसायच्या कयाकमध्ये शंभर लिटरहून जास्त पाणी भरू शकतं, आणि पाणी भरलेली बोट नुसतं बसायला गेलं तरी पुन्हा कलते. एकटे असाल तर वल्ह्याच्या एका पात्याला फुगवायची पिशवी लावून ते वल्हं बोटीला आडवं टाकतात. आपल्याकडच्या होडीला उलांडी, म्हणजे बाजूला तरंगणारं आधाराचं लाकूड, असते, तेच काम हे वल्हं करतं. बोट त्या बाजूला कलंडत नाही, मग वल्ह्यावर पाय टाकून चढायचं आणि हातपंपाने पाणी काढायचं. यासाठी पिशवी आणि पंप डेकवर हाताशी हवेत.

दुसरी बोट जवळ असेल तर काम कितीतरी सोपं होतं. वाचवणाऱ्याने उलट्या बोटीचं पुढचं टोक आपल्या बोटीवर ओढून घ्यायचं, पाण्यातल्याने मागचं टोक दाबायचं, पाणी सांडून गेलं की बोट सुलटी करून शेजारी उभी लावायची आणि दोन्ही हातांनी घट्ट धरायची. वाचवणारा अंगाने तिच्यावर रेलला की ती हलत नाही. पाण्यातल्याने या वेळात दोन्हींपैकी एक तरी बोट धरलेलीच असावी. म्हणूनच नवख्याने एकट्याने जाऊ नये, आणि सोबतचा माणूस हाकेच्या अंतरात असावा.

दोन-तीनदा जमलं नाही तर

थांबा. प्रत्येक प्रयत्नात दम जातो, आणि तोच आता तुमचा मुख्य साठा आहे. उलट्या बोटीवर जमेल तेवढं अंग वर ओढून पडून राहा. एकापेक्षा जास्त जण असाल तर जॅकेटचे पट्टे धरून एकत्र राहा. फोन करा आणि पहिल्या वाक्यात ठिकाण सांगा: कुठल्या गावासमोर, किनाऱ्यापासून अंदाजे किती लांब, वारा कुठे नेतोय. मग किती जण, जॅकेट आहे का, बोटीचा रंग. होडी दिसली तर दोन्ही हात पसरून सावकाश वर-खाली करा. ही समुद्रावरची मान्य खूण आहे. नुसता हात हलवला तर पर्यटक हात करतोय असं वाटून होडी निघून जाते.

फुटणाऱ्या लाटांत आणि थंड पाण्यात

किनाऱ्यालगत लाटा फुटतात तिथे बोट आणि किनारा यांच्यामध्ये कधीही येऊ नका. पाणी भरलेली कयाक लाटेबरोबर येते तेव्हा बरगड्या मोडू शकतात. तुम्ही समुद्राच्या बाजूला, बोट किनाऱ्याच्या बाजूला, आणि हात तिच्या टोकाच्या कडीवर. लाट ती ओढूनच नेत असेल तर सोडा. बोट न सोडण्याचा नियम इथे एवढ्यापुरता मागे पडतो. पाणी कमरेइतकं उथळ झालं तरी खाली बसल्यासारखे सरका, पाय खडकात अडकवून उभे राहू नका.

ब्रिटन, कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. एप्रिल-मेमध्ये ऊन छान पडतं, पण तळ्याचं पाणी अजून हिवाळ्यातलंच असतं. त्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही. पुढची साधारण दहा मिनिटं बोटं नीट चालतात, मग पकड जाते. बर्फासारख्या पाण्यातही अंग इतकं गार होऊन शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे परत चढायचं ते त्या दहा मिनिटांत, आणि जॅकेट असेल तरच पुढचा तास मिळतो. कपडे हवेसाठी नको, पाण्यासाठी घाला: वेटसूट (भिजूनही ऊब धरणारा) किंवा ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा).

हे सगळं आधी करून बघा

छातीभर पाण्याच्या, वारा नसलेल्या जागी, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली स्वतःहून उलटा. दोन्ही बाजूंनी. जॅकेट घालून, तुम्ही नेहमी घालता तेच कपडे घालून. एकदा ताजेतवाने असताना आणि एकदा तासभर वल्हवून दमल्यावर, कारण खरी वेळ येते तेव्हा आपण दमलेलेच असतो. खोल पाण्यात सलग तीनदा चढता येईपर्यंत उघड्या समुद्राचा बेत करू नका.

किनाऱ्यावर आल्यावर

ओले कपडे काढा, वाऱ्याच्या आडोशाला बसा, पाणी आणि काहीतरी गोड घ्या. नाकातोंडात पाणी गेलं असेल आणि पुढच्या काही तासांत खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल किंवा छाती भरल्यासारखी वाटत असेल तर डॉक्टरकडे जा, सकाळची वाट बघू नका. ज्याला वेळ सांगून निघाला होतात त्याला फोन करा. बोट वाहून गेली असेल तर तिचा रंग आणि आकार किनारी पोलिसांना किंवा १५५४ ला कळवा. तुम्ही सुखरूप आहात हे त्यांना कळलं नाही, तर ती रिकामी बोट दिसल्यावर ते खवळलेल्या समुद्रात तुम्हाला शोधायला जातील.